रूममेटकडे पैसे अडकलेत? गोव्यात वसुलीला निघण्याआधी या चुका टाळा

पर्वरी, ताळगाव, फोंडा, वेर्णा... जिथे नोकरी किंवा कॉलेज, तिथे दोघा-तिघांनी मिळून फ्लॅट घेणं ही गोव्यात रोजची गोष्ट झाली आहे. कुणी सावंतवाडीहून आलेला, कुणी बेळगावहून, कुणी सत्तरीतून. करार एकाच्या नावावर होतो, दुसरा "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत राहतो आणि एक दिवस सामान घेऊन निघून जातो. मागे उरतं थकलेलं भाडं, वीजबिल आणि हातउसने दिलेले पैसे. रक्कम वीस-पंचवीस हजारांची. सोडून द्यायला मन होत नाही, कोर्टाची पायरी चढायला धीर होत नाही.

अशी प्रकरणं शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: "हो, मी इतके देणं लागतो" असं समोरच्यानं कधी लेखी कबूल केलंय का? ही कबुली मिळाली तर निम्मं काम झालं. आणि ती मिळते संबंध पुरते तुटण्याआधी, पहिल्या काही आठवड्यांतच. नेमक्या त्याच दिवसांत माणसं रागाच्या भरात ती संधी घालवतात.

डिपॉझिट विसरून हिशेब करणं

ही चूक मी सगळ्यात गंभीर मानतो, म्हणून आकडे मांडूनच बोलू. समजा भाडं १८,००० रुपये, दोघांत ९,००० प्रत्येकी. डिपॉझिट ५४,०००, तेही निम्मं-निम्मं. रूममेट जानेवारीअखेर गेला, करार मार्चअखेरपर्यंत होता. फेब्रुवारी आणि मार्चचं पूर्ण भाडं तुम्ही भरलं, म्हणजे त्याच्याकडून १८,००० येणं. जानेवारीच्या वीजबिलातले त्याचे १,२००. डिसेंबरात त्यानं उसने घेतलेले ५,०००. एकूण २४,२००. आता घरमालकानं रंगकामाचे ६,००० कापून ४८,००० तुमच्या खात्यावर परत केले असतील, तर त्यातले २४,००० त्याचे आहेत. येणं उरलं दोनशे रुपये! तेच ४८,००० त्याच्या खात्यावर गेले असतील, तर तुमचं येणं ४८,२०० होतं.

म्हणून मागणी करण्याआधी घरमालकाला विचारा: डिपॉझिट कुणाला परत केलं, किती कापलं आणि कशासाठी. उत्तर मेसेजवर घ्या. डिपॉझिट अजून घरमालकाकडेच पडून असेल, तर ते रूममेटकडे मागण्यात काहीच अर्थ नाही. ती मागणी घरमालकाकडेच करायला हवी.

करारावर दोघांच्या सह्या असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार घरमालक पूर्ण भाडं कुणाही एकाकडून वसूल करू शकतो आणि ज्यानं ते भरलं तो दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून मागू शकतो. "मी निघून गेलो, आता माझा संबंध नाही" हे म्हणणं तिथे टिकत नाही. करार तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर रूममेट तिथे राहत होता आणि निम्मं भाडं द्यायचं ठरलं होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल. दर महिन्याला त्याच्या खात्यातून आलेले ९,००० बँक स्टेटमेंटमध्ये दिसतात. पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू पडताळणीच्या अर्जात त्याचं नाव असेल तर फारच उत्तम. त्याची प्रत शोधून ठेवा.

सगळं बोलणं फोनवर करणं

फोनवर भांडण होतं, आश्वासनं मिळतात, हातात काही राहत नाही. त्यापेक्षा एक शांत मेसेज पाठवा: "फेब्रुवारी-मार्चच्या भाड्यातला तुझा वाटा १८,०००, जानेवारीचं वीजबिल १,२००, डिसेंबरात घेतलेले ५,०००. डिपॉझिटमधले तुझे २४,००० यातून वजा केले. काही चुकलं असेल तर सांग, नाहीतर कधी देतोस ते लिही." यात टोमणा नको, जुनी उणीदुणी नकोत. "अरे हो, पगार झाला की देतो" एवढं उत्तर आलं तरी पुढे त्याला वाद घालणं अवघड जातं.

ते उत्तर जपणं हे वेगळंच काम. कापलेले स्क्रीनशॉट पुरत नाहीत. नंबर आणि तारखा दिसतील असा पूर्ण संवाद एक्सपोर्ट करा, आपोआप मेसेज पुसणारी सेटिंग बंद करा आणि ज्या फोनवर ते मेसेज आले तो विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा पुरावा कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून घेतील, पण मूळ मेसेज तुमच्याकडे असायला हवेत. यूपीआयच्या बाबतीतही ॲपमधल्या चित्रापेक्षा व्यवहार क्रमांक असलेलं बँक स्टेटमेंट भक्कम.

सामान अडवणं, बदनामी करणं

"पैसे दे आणि लॅपटॉप घेऊन जा." हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण यातून तुमच्याविरुद्धच तक्रार होऊ शकते. आधार कार्ड किंवा मार्कलिस्ट तर मुळीच अडवू नका. सामानाची यादी करा, फोटो काढा, कधी न्यायचं ते लेखी कळवा आणि देताना सही घ्या. ग्रुपवर फोटो टाकून "हा फसवणारा" लिहिणं, त्याच्या ऑफिसात फोन करणं, हेही नको. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. तुमची बाजू खरी असताना आरोपीच्या जागी जाऊन उभं राहायची वेळ का आणायची?

चुकीच्या दारात जाणं

पोलीस बहुतेक वेळा "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवतात, आणि ते बरोबरच असतं. पैसे थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे. घेतानाच बुडवायचा हेतू होता, खोटी ओळख दिली होती, असं काही असेल तरच फौजदारीची वाट. ग्राहक आयोगाकडेही जाऊ नका. रूममेट तुम्हाला सेवा विकत नव्हता.

माझ्या मते अशा रकमेसाठी पहिलं दार विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं. उत्तर गोव्यासाठी एक जिल्हा प्राधिकरण आहे, दक्षिण गोव्यासाठी दुसरं, मडगावात. १५१०० या हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही. दोघांत तडजोड झाली की लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच (म्हणजे दाव्यातल्या अंतिम आदेशाइतकाच) बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. नोकरी करणाऱ्या कित्येक मुलींना हे माहीतच नसतं आणि त्या पैसे सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

समोरचा आलाच नाही किंवा तडजोडीला तयार झाला नाही, तर मात्र लोकअदालत त्याच्यावर निकाल लादू शकत नाही. मग दिवाणी दावा. तो पुण्याला निघून गेला म्हणून तुम्हाला पुण्याला जावं लागत नाही. व्यवहार जिथे घडला तिथल्या न्यायालयातही दावा करता येतो, त्यामुळे मडगावच्या फ्लॅटचा वाद मडगावात चालू शकतो. आधी वकिलाची नोटीस पोचपावतीसह पाठवा. व्याज हवं असेल तर तसं नोटिशीतच लिहा, आणि कधी न ठरलेलं महिना दोन-तीन टक्के व्याज लावू नका. रक्कम पाच-सात हजारांचीच असेल आणि तडजोड फसली, तर दाव्याच्या खर्चाचा आकडा वकिलाला आधी विचारून मगच ठरवा.

हप्त्यांचा चेक घेऊन निवांत बसणं

तडजोडीत पुढच्या तारखेचे चेक मिळाले तर तारखा कॅलेंडरवर लिहा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पैसे भरायला त्याला १५ दिवस, आणि तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. "चतुर्थी झाली की देतो" यावर विसंबून ३० दिवस उलटले की हे हत्यार हातचं जाऊ शकतं.

तीन वर्षं आहेत म्हणून थांबणं

हातउसन्या पैशांच्या वसुलीची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षं. नुसत्या तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. ती संपण्याआधी त्यानं सही करून देणं लेखी कबूल केलं, तर त्या दिवसापासून मोजणी नव्यानं सुरू होते. म्हणून मेसेजवर थांबू नका, साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि सही घ्या.

त्याच कागदावर सध्याचा पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि बँकेचं नावही लिहून घ्या. हुकूमनामा झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. वसुलीसाठी वेगळी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) द्यावी लागते, ती १२ वर्षांपर्यंत देता येते. पगारावर जप्ती आणायची तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यातूनच वसुली होते, आणि त्यासाठी तो कुठे काम करतो हे तुम्हाला न्यायालयाला सांगता आलं पाहिजे.