फॉरमॅट मारण्याआधी: विंडोजमध्ये कोणता प्रोग्राम काय करतोय, याची नोंद कशी घ्यावी

नाशिकमध्ये कॉम्प्युटर अडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "विंडोज मारून घ्या." मग ते अंबड-सातपूरच्या एखाद्या युनिटमधलं बिलिंगचं मशीन असो, रविवार कारंजावरच्या दुकानातलं असो, नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं छापणारं. फॉरमॅट मारल्यावर मशीन बहुतेक वेळा सुरू होतंही. पण बिघाड कशामुळे झाला ते कळलेलं नसतं, त्यामुळे तेच सॉफ्टवेअर, तोच प्रिंटर, त्याच सेटिंग परत घातल्या की तोच त्रास पुन्हा डोकं वर काढतो. ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, निर्यातीचा माल भरायचा असताना, लेबलचं मशीन दिवसभर दुरुस्तीला जाणं कुणालाच परवडत नाही.

खरं तर कारण त्या मशीनमध्येच सापडतं. फक्त ते घडत असताना टिपावं लागतं, आणि त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही.

आधी एवढं समजून घ्या. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीम ‘प्रोसेस’ म्हणते आणि त्याला एक क्रमांक देते, तो पीआयडी. प्रोसेस स्वतःच्या हाताने डिस्कला किंवा नेटवर्कला हात लावत नाही. फाइल उघडायची असो, सेटिंग वाचायची असो, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा असो, सिस्टीमकडे मागणी करावी लागते. सिस्टीम ती पुरी करते किंवा नाकारते. या मागण्या आणि त्यांची उत्तरं ओळीने टिपली की प्रोग्राम नेमका कुठे अडला ते दिसतं.

यासाठी सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे ‘प्रोसेस मॉनिटर’. सिसइंटर्नल्स या संचातलं हे साधन फुकट आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स सुरू केलं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. त्यामुळे प्रोसेस मॉनिटर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडून नको. झिप फाइल उतरवायची, उघडायची, एवढंच; इन्स्टॉल करावं लागत नाही. चालवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मात्र लागतो. मशीन ऑफिसचं असेल तर आधी मालकांना किंवा सिस्टीम बघणाऱ्यांना विचारा.

पहिली नोंद

प्रोसेस मॉनिटर उघडताक्षणी टिपायला सुरुवात करतो आणि काही सेकंदांत हजारो ओळी धावायला लागतात. घाबरू नका. कंट्रोल आणि ई दाबलं की नोंद थांबते, कंट्रोल आणि एक्स दाबलं की पाटी कोरी होते. बिघडणारा प्रोग्राम बिघाडाच्या उंबरठ्यापर्यंत न्या. म्हणजे लेबल छापताना एरर येत असेल तर ‘प्रिंट’चं बटण दाबण्याच्या अगदी आधी थांबा. आता कंट्रोल-ई ने नोंद सुरू करा, बटण दाबा, एरर आली की लगेच कंट्रोल-ई ने थांबवा. नोंद जितकी आखूड तितकं शोधणं सोपं. एरर कितीला आली, ती वेळ सेकंदासह कागदावर लिहून ठेवा. पुढे तीच उपयोगी पडते.

मग गाळणी लावायची. वरच्या पट्टीत नेम धरल्यासारखं गोल चिन्ह आहे. ते माउसने ओढून तुमच्या प्रोग्रामच्या खिडकीवर सोडलं की फक्त त्याच प्रोसेसच्या ओळी उरतात. हवं तर कंट्रोल-एल दाबून फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव स्वतः घालता येतं. गाळल्याने ओळी पुसल्या जात नाहीत, फक्त लपतात. त्यामुळे गाळणी बिनधास्त बदलत राहा.

ओळ वाचायची कशी

प्रत्येक ओळीत वेळ, प्रोसेसचं नाव, पीआयडी, केलेली क्रिया, कुठल्या फाइलवर किंवा सेटिंगवर, निकाल आणि तपशील असतो. नवखा माणूस ‘सक्सेस’ नसलेली प्रत्येक ओळ बिघाड समजतो आणि तिथेच वाट चुकते. ‘नेम नॉट फाउंड’ शेकड्याने दिसेल, कारण प्रोग्राम एकच फाइल चार जागी शोधतो आणि पाचव्या जागी ती मिळते. ‘बफर ओव्हरफ्लो’ हे नाव भयंकर वाटतं, पण इथे त्याचा अर्थ एवढाच, की उत्तरासाठी दिलेली जागा लहान पडली. प्रोग्राम मोठी जागा देऊन परत विचारतो. तिकडे लक्ष देऊ नका. ‘क्रिएटफाइल’ ही क्रियासुद्धा फसवते. नवीन फाइल बनवणं आणि असलेली उघडणं, दोन्हीसाठी विंडोज हेच नाव वापरते.

लक्ष द्यायचं ते दोन निकालांकडे. पहिला ‘ॲक्सेस डिनाइड’. जुनी लेबल-बिलिंगची सॉफ्टवेअर आपली सेटिंगची फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात आणि साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याचा अधिकार नसतो. मालकांच्या लॉगिनवर चालतं, पोरांच्या लॉगिनवर चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हाच निकाल शोधा. त्या एका फोल्डरचा अधिकार दिला की काम होतं. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकू नका. दुसरा निकाल ‘शेअरिंग व्हायलेशन’. म्हणजे हवी असलेली फाइल त्याच वेळी दुसऱ्याने धरून ठेवली आहे. तो दुसरा कोण, हे पाहायला प्रोसेसची गाळणी काढून फाइलच्या नावाची गाळणी लावा. बॅकअप किंवा अँटिव्हायरस तिथे हात घालताना दिसेल आणि मग त्याची वेळ बदलता येईल.

प्रोग्राम एरर न देता नुसताच बंद पडत असेल तर ‘प्रोसेस एक्झिट’ची ओळ काढा. तपशिलात ‘एक्झिट स्टेटस’ असतो. शून्य असेल तर प्रोग्राम सहसा आपणहून, नीट बंद झाला. उणे १०७३७४१८१९ असेल तर त्याने आपली नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला आणि सिस्टीमने तो पाडला. उणे १०७३७४१५१५ असेल तर त्याला लागणारी डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या तयार कोडची जोडफाइल, सापडलीच नाही. अशा वेळी वरच्या ‘नेम नॉट फाउंड’ ओळींना अचानक महत्त्व येतं, आणि एरवी सोडून द्यायच्या त्या ओळी आता एकेक करून वाचायच्या. प्रोग्राम कोसळल्यावर विंडोज ‘वेरफॉल्ट’ नावाची प्रोसेस उठवते. ती यादीत दिसली की तिच्यापासून वर वर वाचत जायचं.

क्षणात उघडून मिटणारी काळी खिडकी

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तीत लोक विनाकारण घाबरतात. काम करताना मध्येच काळी चौकट चमकते आणि नाहीशी होते. वाचायलाही वेळ मिळत नाही. व्हायरस असेल या भीतीने मशीन थेट फॉरमॅटला जातं. ही चौकट पकडायला मात्र नोंद बराच वेळ चालू ठेवावी लागते. त्यासाठी फिल्टरमध्ये ‘ऑपरेशन’ हे ‘प्रोसेस क्रिएट’ असलेल्याच ओळी ठेवा आणि फिल्टर मेनूतलं ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ चालू करा. आता गाळलेल्या ओळी खरोखरच टाकून दिल्या जातात, मेमरी भरत नाही, आणि नोंद दुपारभर चालली तरी चालते.

चौकट चमकली की त्या वेळेची ओळ पाहा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ‘प्रोसेस क्रिएट’च्या ओळीत प्रोसेसचं नाव म्हणून जन्म देणारा दिसतो, आणि कोण जन्मलं ते पुढच्या पाथ व तपशिलात असतं. तपशिलातली ‘कमांड लाइन’ पूर्ण वाचा. कुठली फाइल चालवली ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. सोबत ‘कॉनहोस्ट’ दिसेल, ती काळ्या चौकटीचीच साथीदार आहे, संशय नको. जन्म देणारा ‘एसव्हीसीहोस्ट’, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा चालवणारी प्रोसेस, असेल आणि त्याच्या स्वतःच्या कमांड लाइनमध्ये ‘शेड्यूल’ हा शब्द असेल, तर ठरलेल्या वेळी काम उठवणाऱ्या टास्क शेड्युलरचं ते काम आहे. टास्क शेड्युलर उघडून तीच फाइल कुठल्या कामात नोंदलेली आहे ते शोधा. बहुतेक वेळा एखाद्या सॉफ्टवेअरचं अपडेट तपासणारं काम निघतं. फाइल ‘टेम्प’ फोल्डरमध्ये असेल आणि तिचं नाव-गाव कुणालाच माहीत नसेल, तर मात्र नेट काढा आणि जाणकाराला दाखवा.

कंट्रोल-टी दाबलं की प्रोसेसचा वंशवृक्ष दिसतो. नोंदीदरम्यान जन्मून संपलेल्या प्रोसेसही त्यात असतात. टास्क मॅनेजरला हे जमत नाही, कारण तो फक्त जिवंत असलेल्याच दाखवतो.

तुम्ही नसताना काही घडत असेल

रात्री दुकान बंद असताना काय चालतं, हे पाहायला विंडोजची स्वतःची नोंदवही बरी. विंडोज प्रो मध्ये ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडा, प्रगत ऑडिट पॉलिसीतल्या ‘डिटेल्ड ट्रॅकिंग’मध्ये जा आणि ‘ऑडिट प्रोसेस क्रिएशन’ला सक्सेसची खूण करा. तिथून पुढे प्रत्येक नव्या प्रोसेसची नोंद इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी यादीत ४६८८ या क्रमांकाने पडते. ‘ऑडिट प्रोसेस टर्मिनेशन’लाही खूण केली तर प्रोसेस संपल्याची नोंद ४६८९ ने. या यादीची ठरलेली मर्यादा सहसा २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात, म्हणून सकाळी आल्या आल्या पाहा.

विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) वापरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी हेच काम ‘एसट्रेस’ करतं. चालू प्रोसेसला तिच्या क्रमांकाने जोडता येतं, आणि तिने जन्माला घातलेल्या प्रोसेसही टिपायला सांगता येतात. त्याने प्रोग्राम बराच मंदावतो, तेव्हा ग्राहक समोर उभा असताना लावू नका.

नोंद सॉफ्टवेअरवाल्याला पाठवायची असेल तर ‘ऑल इव्हेंट्स’ निवडून पीएमएल या प्रोसेस मॉनिटरच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करा आणि एरर आलेली वेळ सोबत लिहा. फाइलींचा मजकूर या नोंदीत नसतो. पण वापरकर्त्यांची नावं, फोल्डरची नावं, कमांड लाइन हे सगळं असतं, आणि काही जुने प्रोग्राम पासवर्डही कमांड लाइनमध्येच लिहितात. म्हणून ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला दुरुस्ती करायची आहे त्या एकालाच द्या, आणि काम झालं की दोन्हीकडून पुसून टाका.