सपाट छताची हमी ठेकेदारापुरतीच नको

ब्रिटनमध्ये सपाट छताचं नवं घर घेताय? मग '२० वर्षांची गॅरंटी' एवढ्या शब्दांवर विसंबू नका. ती ठेकेदाराची असेल, तर त्याची कंपनी बंद पडली की कागद निरुपयोगी. विम्याचं पाठबळ असलेली हमीच मागा; अशा वेळी दुरुस्तीचा खर्च विमा कंपनी उचलते. हमी फक्त मालाची की कामाचीही, हे मात्र वाचाच, कारण पाणी बहुधा सांध्यांतून आणि कडांतून शिरतं. एनएचबीसी या नव्या घरांना हमी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या 'बिल्डमार्क' हमी योजनेत पहिली २ वर्षं जबाबदारी बिल्डरची, पुढची ८ वर्षं ठरावीक नुकसानीला विमा. छताच्या हमीचं प्रमाणपत्र व्यवहार पूर्ण होण्याआधी सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) तपासून घ्या. घर विकताना ते नव्या मालकाच्या नावावर होईल ना, तेही आत्ताच विचारा.