ईटीएफ घेताना आधी आयनॅव्ह बघा

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने ७ एप्रिल २०२५ रोजी निफ्टी उघडतानाच हजारावर अंकांनी आपटला. बंद होताना ३ टक्क्यांहून थोडा जास्त खाली होता. अशा सकाळी ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून ईटीएफ, म्हणजे शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड, घ्यायला हात शिवशिवतातच. माझेही. पण बोट बटणावर जाण्याआधी आयनॅव्ह बघायचा, म्हणजे ईटीएफच्या पोटातल्या शेअर्सची युनिटमागे त्या वेळची अंदाजे किंमत. फंड कंपनीच्या वेबसाइटवर ती बाजार चालू असताना बदलत असते. आयनॅव्ह १०० आणि विकणारा १०४ मागत असेल, तर वरचे चार रुपये निव्वळ घाईचे.

परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये हे जास्त छळतं. आपल्या म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीसाठी एकूण ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा घालून दिली होती. मर्यादा भरत आली की नवी युनिट्स तयार होणं अडतं, आहेत त्यांच्यावरच उड्या पडतात आणि भाव फुगतो. मग नॅस्डॅकसारखा अमेरिकी निर्देशांक जागेवर राहिला तरी फुगा बसल्यावर तोटा तुमचाच.

मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला खरेदी, टाकूच नका. आयनॅव्हच्या आसपासची लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा जास्त द्यायचं नाही. तीही सव्वानऊच्या ठोक्याला नको, अर्धा तास चहा प्या. खरेदी-विक्रीच्या भावांत तेव्हाही मोठी फट दिसली, तर त्याच निर्देशांकाचा जास्त उलाढालीचा दुसरा ईटीएफ शोधा.