प्रत्यक्षाचा पेपर घेताय? आधी शिंपला बाजूला ठेवा

गोवा विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. करताना मला प्रत्यक्षज्ञानाचा, म्हणजे इंद्रियांनी थेट होणाऱ्या ज्ञानाचा, भाग सुरुवातीला किरकोळ वाटला होता. दिसतं ते दिसतं, त्यात वाचायचं काय! नव्याने येणारे बहुतेक जण असंच म्हणतात आणि मग वादांची नावं घोकत बसतात. नावं राहू द्या. एकच युक्तिवाद कागदावर उतरवा.

टेबलावर मानकुराद नाही, तरी एखाद्याला तो दिसतो. म्हणजे त्याला कशाचं तरी भान आहे आणि ते आंब्याचं नाही. खरा आंबा दिसणं आणि हे दिसणं, आतून दोन्ही सारखंच. मग खरा आंबा समोर असतानाही थेट दिसतं ते मधलंच काहीतरी! तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1912 मध्ये त्याला सेन्स-डेटा म्हटलं. आता प्रत्येक पायरीवर बोट ठेवून विचारा, इथे नाही म्हणता येईल का? तत्त्वज्ञ हिंटनने 1967 मध्ये शेवटची उडी अडवली: दोन अनुभव वेगळे ओळखता येत नाहीत, एवढ्यावरून ते एकाच जातीचे ठरत नाहीत. खरं दिसणं आणि भास या वेगळ्याच जाती, असं म्हणणाऱ्या डिसजंक्टिव्हिझमचं मूळ इथे आहे.

आपल्याकडची मुलं इथे हटकून शुक्ति-रजत, म्हणजे शिंपल्यात चांदी दिसण्याचं जुनं उदाहरण, आणतात. मिरामारच्या ओल्या वाळूत शिंपला चमकतो, चांदी वाटते. पण तिथे शिंपला असतो ना! ‘ही चांदी’ यातलं ‘ही’ खरं असतं. नैयायिक (न्यायदर्शनाचे लोक) म्हणतात, पूर्वी दुसरीकडे पाहिलेली चांदी स्मृतीच्या वाटेने इथे भासते. मीमांसक प्रभाकर तर चूक मानतच नाही: समोरचं पाहणं आणि चांदी आठवणं ही दोन ज्ञानं, त्यांतला भेद लक्षात येत नाही एवढंच. पण निर्वस्तुभ्रमात, म्हणजे त्या टेबलावरच्या आंब्यासारख्या भासात, बोट दाखवायला काही नसतंच. दृष्टी अधू झालेल्या काहींना माणसं, नक्ष्या दिसतात आणि ते खरं नाही हेही त्यांना कळतं. चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात तो हाच. प्रत्येक ख्यातीला, म्हणजे भ्रम कसा होतो ते सांगणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक मताला, या उदाहरणावर घासून बघा, बऱ्याच अडखळतात.

एका ज्युनिअरने मला विचारलं, “ताई, न्यायसूत्रात प्रत्यक्ष ‘अव्यभिचारि’, न चुकणारं, हवं म्हटलंय, म्हणजे हिंटनच्या आधीच आपण तिथे पोचलो ना?” मोह होतो खरा. पण न्यायसूत्रकार गौतमाला प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन, कोणतं ते ठरवायचंय, हिंटनला अनुभवाची जात. साम्य लिहा, त्याखाली हा फरकही लिहा. नाहीतर मार्गदर्शक तो परिच्छेद सरळ खोडतात.

नेट परीक्षेपुरत्या ख्यातींच्या व्याख्या पुरतात. प्रबंधाला मात्र सेन्स-डेटावर टीका करणाऱ्या तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिनची, 1962 मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिया’ या पुस्तकात छापून आलेली व्याख्यानं घ्या. तो माणूस चिडवत चिडवत शिकवतो, म्हणून सावकाश वाचा.