अप्रेझलच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जाताना या चुका टाळा

अमेरिकेत गारांनी, वादळाने घराचं नुकसान झालं आणि भरपाईच्या आकड्यावर विमा कंपनीशी जमलं नाही, की पॉलिसीतलं अप्रेझलचं, म्हणजे नुकसानीचा आकडा कोर्टाबाहेर ठरवण्याचं, कलम पुढे येतं. दोन्ही बाजूंचा एकेक अप्रेझर, म्हणजे मूल्यमापक, वर एक अम्पायर. तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्या की निवाडा. तो पटला नाही म्हणून घरमालक कोर्टात जातात आणि अर्जात पहिलीच ओळ लिहितात, 'ड्यू प्रोसेस डावलली,' म्हणजे नोटीस आणि बाजू मांडायची संधी देणारी रीतसर प्रक्रिया पाळली नाही. इथेच केस कच्ची होते.

ड्यू प्रोसेसची हमी देणारी अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती बांधते सरकारला. अप्रेझर खासगी माणसं असतात. त्यांच्याविरुद्ध मुद्दे वेगळे: पॉलिसीतली पद्धत मोडली, अधिकाराबाहेर ठरवलं, फसवणूक झाली, अप्रेझर तटस्थ नव्हता.

ड्यू प्रोसेसचा खरा हक्क कोर्टाच्या दारात सुरू होतो. न्यूयॉर्कच्या 1943 च्या प्रमाणित पॉलिसीनुसार अम्पायरवर 15 दिवसांत एकमत झालं नाही, तर कोर्ट तो नेमतं. तुम्हाला नोटीस न देताच अशी नेमणूक झाली असेल, तर हाच मुद्दा पहिला लावा. कंपनीने दाखल केलेला नोटीस बजावल्याचा कागद मागवा आणि त्यातला पत्ता व तारीख तपासा. पत्ता बहुतेक त्याच पडझड झालेल्या घराचा असतो, जिथे तुम्ही महिनोन्‌महिने राहतच नाही.

समोरच्या अप्रेझरबद्दलची हरकत निवाडा येईपर्यंत राखून ठेवू नका. माहीत असून गप्प बसलात, तर कोर्ट हक्क सोडला असं धरू शकतं. तुमचा अप्रेझरही पारखून घ्या: भरपाईच्या 10 टक्के घेणाऱ्या फर्मचा प्रमुख तटस्थ नाही, असं फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवलं. समोरच्या बाजूला वगळून अम्पायरला ईमेल तर मुळीच नको.

सगळ्या नुकसानीचा एकच आकडा देणारा निवाडाही घेऊ नका. किती नुकसान हे अप्रेझर ठरवतात, पॉलिसी लागू होते का हे कोर्ट. टेक्सासच्या 2009 च्या एका खटल्यात कंपनीला गारांचं नुकसान फक्त छताच्या कण्यापुरतं, 499.50 डॉलरचं दिसत होतं. घरमालकिणीच्या ठेकेदाराला अख्खं छत बदलायचं होतं. अशा वादात छत, सिलिंग, बुरशी यांचे आकडे वेगवेगळे असतील तरच कोर्टाला एखादी बाब वगळून बाकीची राखता येते.

मुदत राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात अप्रेझल लवादात मोडतं: निवाडा रद्द करण्याचा अर्ज तो बजावल्यापासून 100 दिवसांत, पण कंपनीने आधीच शिक्कामोर्तबाचा अर्ज केला तर उत्तराला साधारण 10 दिवसच.