रील, लोगो, अ‍ॅप बनवता? कॉपीराइटच्या या चुका टाळा

नागपुरात आता ज्याला पाहा तो रील बनवून राहिला, नाहीतर लोगो करून देऊन राहिला, आणि कॉपीराइटचं नाव काढलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ पळवाट काय? पळवाट शोधण्याच्या नादातच खालच्या चुका होतात.

"पंधराच सेकंद घेतलं ना बे"

१५ सेकंद, ३० सेकंद असा कुठलाच नियम आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नाही. कलम ५२मध्ये सूट आहे ती कशासाठी वापरलं त्यावर, म्हणजे समीक्षा, बातमी वगैरे. खाली क्रेडिट टाकलं म्हणून परवानगी मिळत नाही.

मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दीत घुसून शूट केलं, वर ट्रेंडिंग फिल्मी गाणं चिकटवलं, अपलोड केलं, आणि यूट्यूबचा क्लेम (गाण्यावर मालकाचा दावा) हजर. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, घाबरून व्हिडिओ उडवू नका. क्लेममध्ये बहुतेकदा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. स्ट्राइक मात्र ९० दिवसांत ३ झाले की चॅनलच जाऊ शकतं. क्लेम आला तर यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापा, म्यूट करा नाहीतर गाणं बदला. रागाच्या भरात डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) दाबू नका, हक्क खरंच तुमचा असेल तरच दाबा, मग समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात.

आता गाणंच नाही तर रील कसली, असं वाटतं ना? खरी मजा इथंच आहे. ताशा, आणि "घेऊन जा गे मारबत"ची आरोळी मोबाइलवर वेगळी रेकॉर्ड करा, तिच्याच ठेक्यावर कट मारा, असं रील मुंबई-पुण्याच्या कोणाला जमणार नाही. फक्त मागून डीजेची गाडी येऊन राहिली असेल तर थांबा, मागं वाजणारं गाणंही यूट्यूबची सिस्टिम पकडते.

"जुनं आहे, चालतं"

किती जुनं? गीतकार-संगीतकाराचा हक्क ते गेल्यावर ६० वर्षं, आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. तुकोबांचा अभंग मोकळा, पण मागच्या वर्षी कोणी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांचा हिशोब २०२८च्या अखेरपर्यंत जातो, हे आपल्याकडे कोणी मोजतच नाही. अभंग स्वतः गा, घरातल्या कोणाला पेटीवर बसवा, झालं तुमचं रेकॉर्डिंग.

"पैसे दिले, लोगो माझा"

सीताबर्डीवरचा दुकानदार फ्रीलान्सरकडून लोगो करून घेतो, यूपीआयनं पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी, विषय संपला. पण लेखी काही नसेल तर कॉपीराइट साधारणपणे डिझायनरकडेच राहतो, आणि लेखी असूनही मुदत टाकली नसेल तर हक्क ५ वर्षंच दिला असं धरतात. हक्क दिल्याचं एक पान करा, दोघांच्या सह्या, मुदत लिहा. फॉन्टही चोरीचा नको, मुक्ता, बालू हे ओपन लायसन्सवर फुकट मिळतात.

"अ‍ॅपच्या आयडियाचं पेटंट घेऊन टाकू"

नुसत्या आयडियाला पेटंट नसतं, आणि पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम, अल्गोरिदम, बिझनेस मेथड यांनाही नाही. याचीच दुसरी बाजू अशी की दुसऱ्याचं अ‍ॅप जे काम करतं ते तुमचंही करू शकतं, कोड आणि चित्रं मात्र स्वतःची पाहिजेत. गिटहबवर (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती वेबसाइट) लायसन्स नसलेला कोड दिसला तर तोही फुकटचा समजू नका. वेगळा रस्ता काढायचं एक जुनं उदाहरण घ्या, १९९४च्या शेवटी गिफ या चित्रांच्या फॉरमॅटमधल्या कॉम्प्रेशनच्या (फाइल लहान करायच्या पद्धतीच्या) पेटंटवर युनिसिस कंपनीची फी लागणार म्हटल्यावर प्रोग्रामर लोक वैतागले, पण पेटंटला हात न लावता त्यांनी पीएनजी हा नवाच फॉरमॅट उभा केला, त्यात रंगही जास्त आणि अर्धवट पारदर्शकपणाही. तुमचा लोगो ट्रान्सपरंट पीएनजीत येतो तो या भानगडीमुळे.

आणि हो, सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे म्हणून अर्ज घेऊन तिथं धावू नका, तिथं ट्रेनिंग होतं. अर्ज ऑनलाइन भरा, पेटंट ऑफिस मुंबईला आहे.