प्रबंधाला वेळ कसा काढावा?

पदव्युत्तर शिक्षण किंवा पीएचडी करणाऱ्याच्या मागे तास, लॅब, सेमिनार, ज्युनिअर मुलांच्या उत्तरपत्रिका असं सगळं एकदमच लागलेलं असतं. यातलं प्रत्येक काम कुणीतरी मागायला येतं. प्रबंध मात्र आज कुणी मागत नाही, म्हणून तोच मागे पडतो.

१. आधी हिशेब मांडा. आठवड्याचे तास १६८. रोजची आठ तास झोप धरली, तर उरतात ११२. त्यातून कॉलेजचे तास, प्रवास, घरकाम, नोकरी वजा करा. आकडा अंदाजाने लिहू नका, एक आठवडा प्रत्यक्ष नोंद ठेवा. हातात पंधराच तास आहेत हे कळलं की तीस तासांचे बेत आपोआप गळतात.

२. स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. काम किती दिवसांत होईल याचा अंदाज माणूस बहुतेकदा कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५! म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. तेव्हा ‘या प्रकरणाला किती लागतील’ असं मनाला विचारण्यापेक्षा मागच्या प्रकरणाला किती लागले ते वहीत बघा आणि तोच आकडा धरा.

३. प्रबंधाची वेळ सगळ्यात आधी अडवा. डोकं ताजं असतं ते दोन तास, आठवड्यातून निदान चार दिवस. मेल नंतर. आणि यादीत ‘प्रकरण दोन’ असं लिहू नका, ते काम नव्हे, ती नुसती धास्ती आहे. ‘तिसऱ्या तक्त्याखालचे दोन परिच्छेद’ असं लिहा. उठताना उद्या कुठून सुरू करायचं तेही एका ओळीत टिपून ठेवा.

४. बाकीच्या कामांना कुंपण घाला. मिळेल तेवढ्या वेळात काम पसरतं, हे ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये गमतीने लिहिलं, पण उत्तरपत्रिकांना ते तंतोतंत लागू पडतं. गठ्ठ्याला तीन तास, बस्स.

५. गाइडनी नवं काम दिलं तर थेट नकार देणं अवघड जातं. (मला तरी कधी जमलं नाही.) त्याऐवजी यादी पुढे ठेवून विचारा: “सर, या आठवड्यात मसुदाही द्यायचाय आणि हे विश्लेषणही आहे. आधी कुठलं करू?” अनेकदा हातात आधीच किती आहे हे त्यांच्या लक्षातच नसतं. जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा.